प्रोफाइलवरचं कमळ

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

विरेश,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे फोडणार नाहीस, असं अव्वा म्हणाली. तरी तुझा तिकडचा, तमिळनाडूतल्या करूरचा पत्ता तिनंच दिला. शेवटी दोघांची आई ती. फोन तू आठ वर्षं ब्लॉक करून ठेवलायस, म्हणून पोस्टानं पाठवते.

आधी कामाचं बोलते. आपला टॉवेलचा कारखाना संक्रांतीनंतर बंद झाला. मालकांनी सगळ्यांना चेकिंग हॉलमध्ये बोलावलं, दोन मिनिटं बोलले आणि गाडीत बसून गेले. माझी तिथं एकोणीस वर्षं झाली होती. आता मी त्रेचाळीसची आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सात ठिकाणी बायोडाटा देऊन आले. एकाही ठिकाणाहून फोन नाही. एका ऑफिसातल्या मुलीनं तेवढं विचारलं, “मॅडम, लिंक्डइनवर आहात का?”

होते की मी. कधीतरी खातं उघडलं होतं. आता सात रस्त्याजवळ एक क्लास लावलाय, दर शनिवारी. शिकवतात त्या अपेक्षा मॅडम, पुण्यात नोकरभरतीचं काम करून आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं प्रोफाइल सगळ्यांसमोर पडद्यावर लावलं. फोटो कुठल्याशा लग्नातला, कापलेला, माझ्या खांद्यावर दुसऱ्याच बाईचा हात. नावाखाली लिहिलेलं, ‘नोकरीच्या शोधात’.

मॅडम म्हणाल्या, “ताई, दुकानावर ‘गिऱ्हाईक पाहिजे’ अशी पाटी कुणी लावतं का? काय विकता ते लिहा.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येताना ते डोक्यातून जाईना. मी काय विकते?

असो. पत्र लिहायचं कारण असं, की तिथं आपल्याबद्दल दुसऱ्यानं चार ओळी लिहायच्या असतात. शिफारस. लिहिणारा माहितीतला आणि चांगल्या पदावरचा असावा लागतो. तू आता करूरला डिझाइन मॅनेजर आहेस, मी पाहिलं. चार वर्षं आपण एकाच कारखान्यात होतो. तू लिहिलंस तर वजन पडेल.

आपलं बोलणं नाही, हे मला कळतं. का नाही, ते दोघांनाही ठाऊक आहे, ते उगाळत बसत नाही. माझं थोडं चुकलं असेल, तुझंही थोडं चुकलं. चार ओळी लिही, एवढंच म्हणते.

सिद्धेश्वरी


रविवार, २ मार्च

विरेश,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मी थांबलेले नाही. रोज सकाळी अव्वाची पूजा होईपर्यंत एक तास मी प्रोफाइलवर घालवते. नवा फोटो झाला. गच्चीवरची पांढरी भिंत मागे, अंगावर निळी इरकल, फोटो काढणारी अव्वा. पहिल्या तिन्ही वेळेला तिनं माझं डोकंच उडवलं. चौथ्यांदा म्हणाली, “हसू नको, कामावर चाललीस असं उभी राहा.” तोच फोटो ठेवला.

मग अनुभव लिहायचा होता. मी लिहिलं, ‘इन-चार्ज’. मॅडमनी खोडलं. म्हणाल्या, “इन-चार्ज म्हणजे काही नाही. सकाळी कामावर गेल्यावर हातानं काय करत होता ते सांगा.” मी सांगितलं. टॉवेल उजेडासमोर धरायचा. तुटलेली तार, राहून गेलेला धागा, तेलाचा डाग, एका बाजूला बसलेली लव बघायची. दोष कुठल्या मागावरनं आला ते ओळखायचं आणि तो माग तिथंच थांबवायचा. मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे लिहा. असंच्या असं.”

मला ते फारच किरकोळ वाटलं. एकोणीस वर्षं काय केलं, तर डाग शोधले? म्हणून मी टॉवेलवरचं ते कमळ वर लावलं. कारखान्याच्या कॅटलॉगमधलं पान. खाली लिहिलं, ‘माझं डिझाइन, २०१७’. कॅटलॉगमध्ये माझंच नाव छापलंय, तेव्हा मी पदरचं काही लिहिलेलं नाही.

आणि काय सांगू, त्या दिवसापासून प्रोफाइल जागं झालं. ओळखीचे, बिनओळखीचे अभिनंदन करायला लागले. गुजरातमधल्या एका कंपनीनं निरोप पाठवलाय. त्यांना टॉवेलच्या डिझाइन विभागाला प्रमुख पाहिजे. पंधरा तारखेला व्हिडिओवर मुलाखत आहे.

आपलं प्रोफाइल कुणी कुणी पाहिलं, तेही तिथं दिसतं. बुधवारी एक ओळ आली. नाव लपवलेलं, नुसतं ‘टेक्सटाइल डिझायनर, करूर’.

तूच असशील. पाहिलंस ते बरं झालं. चार ओळी अजूनही लिहू शकतोस.

सिद्धेश्वरी


रविवार, १६ मार्च

विरेश,

काल मुलाखत झाली. मी पास झाले. पुढच्या फेरीला बोलावलंय. आणि कालपासून मला जेवण गेलेलं नाही.

मुलाखत घेणारे गृहस्थ भले होते. वयस्कर, हळू बोलणारे. म्हणाले, “कमळ खूप जणांनी केलंय. तुमच्या पाकळ्या अशा टोकदार, जवळजवळ बोचणाऱ्या. हे कसं सुचलं?”

मूळ ग्राफ माझ्यासमोर होता. तोच, आलेखाच्या कागदावर तू एकेक चौकोन भरून काढलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला काही म्हणजे काही सुचेना. मग तोंड उघडलं आणि आपोआप बोलायला लागले. लहानपणी बाबा सिद्धेश्वर तळ्यावर न्यायचे, तिथं पहाटे कमळं बघायचे, पाण्यात त्यांची टोकं अशी दिसायची. विरेश, आपल्याला बाबांनी कधी पहाटे तळ्यावर नेलेलं नाही. त्यांची पहिली पाळी असायची. त्या गृहस्थांचे डोळे ओलावले.

फोन ठेवला. अव्वा दारात ज्वारी निवडत बसली होती. तिला इंग्रजी-हिंदी समजत नाही असं मी धरून चालते. वर न बघता म्हणाली, “तळं कुठनं आलं गं? तो तर हितं फरशीवर पालथा पडून काढत होता. तीन दिवस. मी त्याच्या भोवतीनं झाडत होते.”

मी ग्राफ घडी करून आत नेला. 

पहिल्या पत्रात मी लिहिलं, माझं थोडं चुकलं, तुझं थोडं चुकलं. ते वाक्य मी परत घेते. तुझं काहीही चुकलं नव्हतं. काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. तुला फक्त शेवट माहीत आहे.

२०१७च्या फेब्रुवारीत तू मालकांशी भांडून घरी बसला होतास. जर्मनीचा बायर, मोठा खरेदीदार, येणार होता आणि मालकांकडे दाखवायला नवं काही नव्हतं. तुझा ग्राफ कपाटावर घडी करून ठेवलेला. रंग अजून घालायचे होते. तू बार्शीला मित्राच्या लग्नाला गेलास आणि मी तो पिशवीत घालून नेला. नेताना मनात खरंच असं होतं, की मालकांना आवडला तर तुझं नाव सांगायचं, म्हणजे ते तुला परत बोलावतील. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय, की आता त्यातलं किती खरं ते मलाच कळत नाही.

मालकांनी ग्राफ टेबलावर पसरला. म्हणाले, “काय आहे हे?”

मी म्हटलं, “कमळ.”

“वा!” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू काढलंस?”

अकरा वर्षं मी त्या हॉलमध्ये उभी होते, विरेश. चुकलेला टॉवेल पुढं गेला तर माझ्या नावानं ओरडा व्हायचा. बरोबर गेलेल्या लाखो टॉवेलांबद्दल मला कुणी कधी ‘वा’ म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं, “हो.”

एवढंच. कुणी जबरदस्ती केली नाही. एक शब्द होता आणि तो मी बोलले.

चार महिन्यांनी तू कॅटलॉग घेऊन घरी आलास आणि माझं नाव दाखवलंस. तेव्हाही मला खरं बोलता आलं असतं. मी काय म्हणाले ते तुला आठवत असणार. “पगार एकाच घरात येतो, नाव कुणाचं का असेना.” दुसऱ्या दिवशी तू पेटी घेऊन गेलास.

उद्या सकाळी मी ते प्रोफाइल बदलणार आहे. तुला विचारत नाही. चोरीचा माल परत करायला परवानगी लागत नाही.

अक्का


रविवार, ३० मार्च, पाडवा

विरेश,

बदललं. कॅटलॉगचं पान काढलं आणि तिथं तुझ्या ग्राफचा फोटो लावला. खाली काय लिहिलं ते जसंच्या तसं उतरवते:

‘हे डिझाइन माझे नाही. ते २०१७ साली माझा धाकटा भाऊ विरेश याने काढले. मी ते त्याला न विचारता माझे म्हणून कारखान्यात दिले आणि आठ वर्षे ते माझ्या नावावर राहिले. यातले रंग मी ठरवले आणि ते मागावर मी उतरवून घेतले. माझे तेवढेच.’

टाकण्याआधी अपेक्षा मॅडमना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “ताई, असं कुणी लिहीत नाही हो. नुसतं पान काढून टाका. लोक आठवड्यात विसरतात.”

“लोक विसरतील, मॅडम. ज्याचं आहे तो कसा विसरेल?”

“नोकरी जाईल हातची.”

“ती हातात आलेलीच नव्हती.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि इंग्रजी मजकुरातल्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या. बटण मी दाबलं.

गुजरातच्या गृहस्थांना वेगळं लिहिलं, की तळ्याची गोष्टही खोटी होती. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, पुढची फेरी रद्द.

तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

“सिद्धेश्वरी, हे काय लावलंयस? काढ आधी ते.”

“खरं आहे ते, साहेब.”

“खरं-खोटं तुझ्या घरात. कॅटलॉगवर नाव कंपनीनं छापलंय. जुने बायर मला विचारायला लागलेत. माझी दुसरी कामं चाललीत त्यांच्याशी.”

“त्यांना सांगा, तुम्हाला माहीत नव्हतं. मी फसवलं म्हणून सांगा. तेही खरंच आहे.”

 त्यांनी आवाज मऊ केला. “तुझा अनुभवाचा दाखला टाइप होऊन टेबलावर पडलाय. एकोणीस वर्षांचा. सही तेवढी राहिलीय. ती पोस्ट काढ, संध्याकाळी माणूस घरी आणून देतो.”

त्या दाखल्यासाठी मी दोन महिन्यांत सहा खेपा घातल्यात. तो नसेल तर एकोणीस वर्षं मी कुठं होते, हे कुणाला दाखवू?

मी म्हटलं, “मग दाखला राहू द्या, साहेब.”

फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. अव्वानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आज गुढी उभारली. कडुलिंबाची पानं तिनं नेहमीपेक्षा जास्तच खायला लावली.

अक्का


रविवार, २० एप्रिल

विरेश,

ऊन असं आहे, की दहानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मी नऊच्या आत सगळी हिंडणं उरकते.

दाखला नाही म्हटल्यावर मी बसून राहिले नाही. नावाखालची ओळ बदलली. आता तिथं आहे: ‘टॉवेलमधला दोष मागावर असतानाच पकडते. एकोणीस वर्षे.’ दीड महिन्यापूर्वी मला हे किरकोळ वाटत होतं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं आणि लाज वाटली नाही. मग रोज दोन माणसांना निरोप पाठवायला लागले. सगळ्यांना एकच मजकूर नाही. त्यांच्या कारखान्यात काय विणतात ते आधी वाचायचं आणि मी तिथं काय पकडू शकेन ते लिहायचं. हे मॅडमनी शिकवलं.

अमरेश आठवतो का? माग दुरुस्त करणारा जॉबर, वळसंगहून सायकलवर यायचा. आता मोटरसायकल आहे आणि नव्या युनिटमध्ये लागलाय. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, माझ्याबद्दल चार ओळी लिहा.

“मी? माझं इंग्रजी म्हंजे देवाचं नाव.”

“मराठीत लिहा.”

“लिवतो की. काय लिवू?”

“थांबा. आधी माझी पोस्ट वाचा. विरेशबद्दलची. वाचून मग ठरवा.”

त्यानं फोन लांब धरून सगळी वाचली, ओठ हलवत. वाचून झाल्यावर फोन मला परत दिला. म्हणाला, “त्ये तुमचं भावा-बहिणीचं. तुमी लई वंगाळ केलं, त्ये मी तोंडावर सांगतो. पन मागावरचं मला ठावं हाय. तिथं तुमी कदी लबाडी केली न्हाय.”

त्यानं लिहिलेलं असं आहे: ‘सिद्धेश्वरीताईंनी माझा माग दिवसातून तीनदा बंद केला तर मला राग यायचा. पण प्रत्येक वेळी दोष निघायचा. एकदाही उगाच बंद केला नाही.’

तुझ्या शिफारशीची आता मला गरज नाही. ती मागितली होती, याचीच लाज वाटते.

अमरेशच्या युनिटमधून बोलावणं आलं. मॅनेजर बाई आहेत, कमलम्मा म्हणून, आपल्याहून थोड्या मोठ्या. मुलाखत घेतलीच नाही. चेकिंग टेबलासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, “करा सुरू.” सव्वा तासात मी सोळा टॉवेल बाजूला काढले. त्यातले अकरा एकाच मागाचे निघाले. कोणता माग ते मी टेबलावरूनच सांगितलं. त्या उठून बघून आल्या.

मग चहा मागवला आणि म्हणाल्या, “तुमची ती पोस्ट मी वाचली.”

मी कप खाली ठेवला. “मग?”

“तुम्ही एकदा खोटं बोललात. आठ वर्षं बोललात.”

“हो.”

“उद्या माल अडलाय, ट्रक दारात उभा आहे, आणि मी म्हटलं, जाऊ द्या ताई, एवढं कोण बघतंय. तर?”

“तर जाऊ देणार नाही. तुम्हाला राग येईल. एका मालकाचा राग मी अंगावर घेऊन आलेय, दाखला सोडून. दुसरा जड जाणार नाही.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पाच तारखेला, सोमवारी या. सातची पाळी.”

अक्का


रविवार, ११ मे

विरेश,

कामावर पहिला आठवडा झाला. पाय दुखतात, पण ते दुखणं ओळखीचं आहे. हे सांगायला पत्र लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला. पोस्टखाली तुझी एक ओळ. लपवलेलं नाव नाही, स्वतःच्या नावानं, फोटोसकट. आठ वर्षांतलं पहिलं वाक्य:

‘अक्का, ग्राफ उलटा धरला आहेस. ते कमळ नाही, करडई आहे. वळसंगच्या रानातली.’

मी फोन फिरवला. चित्रही आपोआप फिरलं, सरळ होऊन पुन्हा तसंच. मग फोन टेबलावर ठेवला आणि मीच पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले. आणि दिसलं, विरेश. खाली बोंड, बोंडाभोवती काटेरी पानं, वर बारीक पाकळ्यांचा झुबका. ज्यांना मी आठ वर्षं पाकळ्या म्हणत होते, ते काटे होते. तो म्हातारा माणूस विचारत होता, पाकळ्या बोचणाऱ्या का. आणि मी त्याला तळं सांगत होते.

घरी येऊन मूळ कागद अव्वासमोर ठेवला, सरळ बाजूनं. तिनं चष्मा लावायच्या आधीच सांगितलं, “करडी की गं.” तिचं अख्खं बालपण त्या रानात गेलं. टॉवेल तिला मी कधी दाखवलाच नव्हता. दाखवायचं धाडस नव्हतं.

तुला मी तिथंच विचारलं, मग त्या वेळी का नाही सांगितलंस? कॅटलॉग पाहिलास तेव्हाच तुझ्या लक्षात आलं असणार. रात्रीपर्यंत उत्तर नव्हतं. सकाळी होतं.

‘सांगितलं असतं तर तू दुरुस्त केलं असतंस.’

हे वाक्य मी कामावर जाताना रिक्षात चार वेळा वाचलं. बरोबर आहे तुझं. मी ते दुरुस्त केलं असतं आणि दुरुस्तीसुद्धा माझ्या नावावर गेली असती. 

पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, रंग माझे, तेवढंच माझं. तेही आता बदललं. ‘रंग मी ठरवले आणि ते चुकीचे ठरवले’ असं केलं. काट्यांना गुलाबी रंग दिला मी. त्या टॉवेलांनी जर्मनीतली माणसं आठ वर्षं अंग पुसतायत. हे लिहिताना मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही.

मूळ ग्राफ या पाकिटात घालते. घडी जुनीच आहे, नवी पाडलेली नाही. तो तुझ्याकडे असायला हवा. तू ये असं मी म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही. ते मागण्याजोगी गोष्ट नाही, हे मला या तीन महिन्यांत कळलं.

एक मात्र विचारते. अव्वा सांगते, करडई फुलते तेव्हा पिवळी असते आणि वाळायला लागली की केशरी होते. तू रंग घालायच्या आत मी ग्राफ नेला. तुझ्या मनात कोणता होता, ताज्या फुलाचा की वाळत चाललेल्या? आठ वर्षांत मी हे तुला एकदाही विचारलं नाही.

सांग.

अक्का